सर्पदंश: विषावरच्या लसीच्या पहिल्या दहा व्हायल (कुप्या) प्राथमिक केंद्रातच द्याव्यात की पेशंट पुढे पाठवावा?

पाणंद | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या एका तालुक्यात ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. त्याआधी सहा वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, त्यामुळे दोन्हीकडची बाजू मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात भातलावणी चालू असताना एका बाईंना बांधावर घोणस चावली. वेळ संध्याकाळी सव्वापाचची. प्राथमिक केंद्र तिथून पंधरा मिनिटांवर. डॉक्टर हजर होते, कपाटात सापाची लस होती. तरी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हातात चिठ्ठी देऊन त्यांना पुढे पाठवलं. आमच्या दारात जीप थांबली तेव्हा आठ वाजले होते. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त, आणि सलाईनसाठी सुई टोचली तिथून येणारं रक्त बोळा दाबून धरला तरी थांबेना. आम्ही लस चालू केली. रक्त रात्री उशिरा गोठायला लागलं, पण दुसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली. आता त्या जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसवर आहेत. घरी चार वर्षांचं मूल आहे.

लस रक्तात फिरणाऱ्या विषाला धरते. किडनीला झालेली इजा ती मागे फिरवू शकत नाही. म्हणून ते पावणेतीन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. पण ते निम्मे होणार कुठे? माझं म्हणणं, पेशंट ज्या दारात पहिल्यांदा येतो तिथे. विषबाधेची लक्षणं दिसली की पहिला डोस तिथेच चालू करावा आणि मग पुढे पाठवावं.

पहिल्या वर्षी मीही एका शेतकरीदादांना असंच नुसतं पुढे पाठवलं होतं. लसीच्या रिअॅक्शनची भीती होती. ते वाचले, पण माझ्यामुळे नाही.

डॉक्टर, नर्स, नातेवाईक, ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.

कातळफूल | सोमवार, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. उद्या सविस्तर लिहिते. त्या ताई लवकर बऱ्या होवोत.

डॉ_अनिकेत | सोमवार, रात्री ११:४८

पाणंद, तळमळ पोचली, पण मी दुसऱ्या टोकाला बसलोय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मी जिल्ह्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभाग बघतो.

लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते. काही जणांना अंगावर गांधी, थंडी वाजून येणं, उलट्या एवढंच होतं, पण काहींचं ब्लडप्रेशर पाच मिनिटांत पडतं आणि श्वासनलिका आवळते. रात्री केंद्रात एक डॉक्टर, एक नर्स, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असेलच असं नाही. तिथे पेशंट दगावला तर गाव त्या डॉक्टरचं काय करतं ते आपण सगळेच जाणतो.

दुसरं, साप चावलेला प्रत्येक जण विषबाधेचा नसतो. बिनविषारी साप असतो, किंवा विषारी असूनही चावा कोरडा असतो. माझ्याकडे दहा-दहा व्हायल घेऊन आलेले कितीतरी लोक आले ज्यांना एकाचीही गरज नव्हती. नातेवाईकांचा आग्रह, म्हणून दिली. तो साठा त्या केंद्रात पुढच्या खऱ्या पेशंटला मिळाला नाही.

तिसरं, मण्यार. तिच्या विषाने श्वासाचे स्नायू बंद पडतात. तिथे लस देत बसण्यापेक्षा व्हेंटिलेटरपर्यंत पोचणं जास्त मोलाचं.

पाणंद | मंगळवार, सकाळी ६:२०

डॉक्टर, म्हणूनच ‘लक्षणं दिसली की’ असं लिहिलं. नुसते दातांचे व्रण पाहून लस द्यावी असं मीही म्हणत नाही.

रिअॅक्शनबद्दल: अॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं. पहिली खाज, पहिली गांधी दिसली की लस थांबवायची, मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम द्यायचं, पेशंट सावरला की लस पुन्हा हळू चालू करायची. हे औषध प्रत्येक केंद्रात असतं. आधी कातडीत थोडी लस टोचून चाचणी घ्यायची जुनी पद्धत तर केव्हाच बाद झालीय, त्यातून कुणाला रिअॅक्शन येणार हे कळत नाही. श्रीलंकेत हजारावर पेशंटवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लसीआधी कातडीखाली अॅड्रिनॅलिनचा छोटा डोस दिल्यावर गंभीर रिअॅक्शन कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोनचा तसा उपयोग दिसला नाही, आणि आपल्याकडे अजून बरेच जण त्याच्याच भरवशावर असतात.

गावाच्या रागाबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

शिवार | मंगळवार, सकाळी ८:०५

मी शेतकरी माणूस. डॉक्टर लोकांच्या वादात पडायची लायकी नाही असं समजू नका, कारण पान लागतं (साप चावतो) ते आमच्याच पायाला.

आमच्याकडे भगताकडे का नेतात सांगतो. तो गावात असतो. रात्री दोनला दार वाजवलं तर उठतो. कडुनिंबाचा पाला चावायला देतो, कडू लागला तर विष नाही म्हणतो. खोटं आहे हे मलाही कळतं. पण तो माणसाला हात लावतो, शेजारी बसतो. केंद्रात नेलं तर? आमच्या चुलत्याला नेलं तेव्हा पायरीवरच ‘पुढे न्या’. तालुक्याला ‘बेड नाही, पुढे न्या’. तिसऱ्या ठिकाणी आत घेतलं तेव्हा जीभ जड झाली होती, बोलता येत नव्हतं. गाडीचं भाडं वेगळंच. पुढच्या खेपेला घरचे आधी कुणाकडे जातील?

पाणंद डॉक्टरांनी सांगितलेलं झालं, म्हणजे पहिल्या दारात बाटली लागली, तर लोकांचे पाय आपोआप तिकडे वळतील. भगताविरुद्ध पोस्टर लावून काही होणार नाही.

कातळफूल | मंगळवार, सकाळी ८:४०

शिवारदादा, शंभर टक्के.

आम्ही रत्नागिरीकडचे. कातळावर फुरसं पायाखाली येणं नवीन नाही. माझ्या आईला आंबे वेचताना चावलं होतं. वीतभर जनावर, म्हणून ‘लहान आहे, काय होतंय’ म्हणत ती संध्याकाळपर्यंत काम करत राहिली. रात्री दात घासताना चूळ भरली ती लाल. तेव्हा पळापळ. वाचली. पण ‘लहान साप म्हणजे थोडं विष’ हा समज कोकणात अजून घट्ट आहे, त्यावर कुणीतरी लिहा.

मेलबर्नकर | मंगळवार, सकाळी ९:१०

इथे ऑस्ट्रेलियात शाळेतच शिकवतात: चावलेल्या ठिकाणापासून सुरुवात करून अख्ख्या हातापायाला रुंद क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचं, फळी बांधायची, जागचं हलायचं नाही. एवढे विषारी साप असून मृत्यू वर्षाला दोन-तीन. हे आपल्याकडे का शिकवत नाहीत? प्रत्येक केंद्रात लस पोचवण्यापेक्षा बँडेज स्वस्त पडेल.

डॉ_अनिकेत | मंगळवार, सकाळी ९:५५

मेलबर्नकर, तिथले महत्त्वाचे साप नागाच्या कुळातले. विष लसिकावाहिन्यांतून वर चढतं, ते बँडेजने रोखलं जातं. आपल्याकडे घोणस आणि फुरसे हे मांस सडवणारे. त्यांचं विष एका जागी कोंडून ठेवलं तर पाय जाण्याची भीती. शिवाय आपले लोक घाबरून इतकं आवळतात की बँडेजची दोरी होते. सुतळी, साडीचा काठ, मोटारसायकलची ट्यूब, काळे पडलेले पाय, सगळं पाहिलंय. म्हणून आपल्याकडचा सल्ला साधा आहे: आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी सैल बांधा, अंगठ्या-जोडवी काढा, चालवू नका, गाडीत घाला.

आणि बांधून आणलेली दोरी रस्त्यात कुणी झटकन सोडू नये. हाताशी लस आणि तयारी असली की मगच.

सर्पसखा | मंगळवार, सकाळी ११:३०

सर्पमित्र म्हणून पंधरा वर्षं काम करतोय. दोन मुद्दे.

साप मारून आणू नका. मेलेला सापही चावतो, तुटलेलं डोकंसुद्धा. आमच्याकडे एक काका पिशवीत ‘मेलेली’ घोणस घेऊन कॅज्युअल्टीत आले आणि पिशवी टेबलावर ठेवताच ती फुत्कारली. सगळा स्टाफ बाकांवर! नशिबाने कुणाला काही झालं नाही, काकांनाही ती चावलीच नव्हती, शेजाऱ्याला चावली होती. :-) सुरक्षित अंतरावरून मोबाईलवर फोटो जमला तर काढा, नाही जमला तर वेळ दवडू नका.

दुसरं, फोटोवरही आंधळा विश्वास नको. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत शिकलेले लोकही चुकतात. कवड्याच्या पांढऱ्या पट्ट्या मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिक्या होतात. मण्यारीच्या जोड-पट्ट्या बहुधा मानेकडे अस्पष्ट आणि शेपटीकडे ठळक असतात. डॉक्टरांनी पेशंटकडे बघावं, सापाकडे नाही.

परिचारिका_नंदा | मंगळवार, दुपारी २:१०

ड्यूटीवरून आत्ता सुटले. प्राथमिक केंद्रात एकोणीस वर्षं झाली.

डॉक्टर मंडळी ‘दहा व्हायल द्या’ म्हणतात, ते हाताने कसं होतं ते सांगते. आमच्याकडे पावडरची व्हायल येते. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालायचं, आणि हलवायचं नाही, नाहीतर फेस येतो. दोन तळव्यांत धरून रवी घुसळतो तशी, पण अगदी सावकाश फिरवायची. पावडर तळाशी चिकटलेली असते, विरघळता विरघळत नाही. अशा दहा. मग सगळं ओढून सलाईनच्या बाटलीत. बाहेर बायका रडताहेत, पेशंट विचारतोय ‘सिस्टर, मी वाचतो ना’, आणि मी व्हायल फिरवतेय. एकटीला बराच वेळ जातो. म्हणून मी शिपाईमामांना शिकवलंय. हात धुऊन ते पाच फिरवतात, मी पाच. ओढून घेणं माझंच.

अनिकेत डॉक्टर म्हणतात गरज नसताना दिली जाते. बरोबर आहे. पण ओळखायचं कसं, तर काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हात लावायचा नाही, मग हळूच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय. बिनखर्चाची तपासणी. पण आमच्याकडे नळ्या प्लॅस्टिकच्या येतात! प्लॅस्टिकमध्ये ही तपासणी भरवशाची नाही. काचेची आणली तर कुणीतरी साबणाने घासून ठेवतं, तीही चालत नाही. नवी, कोरडी, स्वच्छ काच पाहिजे. मी मागे लेखी मागणी केली, दोन वर्षांनी उत्तर आलं की यादीत नाही.

वाद घाला, पण आधी आम्हाला काचेच्या नळ्या द्या.

पाणंद | मंगळवार, दुपारी ३:००

नंदाताई, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतोय.

एकच जोड: पहिल्या नळीत रक्त गोठलं म्हणून घरी पाठवायचं नाही. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर तासातासाने पुन्हा बघायचं. विष हळू चढतं.

इंगळी | मंगळवार, दुपारी ४:२५

थोडं अवांतर, पण संबंध आहे. मी मूळचा रायगडचा. आमच्या लहानपणी लाल विंचू चावला की पोरगं घामाने निथळायचं, हातपाय गार पडायचे आणि फुप्फुसात पाणी होऊन जायचं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण दवाखान्यात बसून, एकेका पेशंटच्या उशाशी रात्री काढून प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं साधं औषध विंचूदंशावर वापरलं आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुद्दा असा की तो उपचार कोकणातल्या त्या दवाखान्यातून मोठ्या इस्पितळांकडे गेला, तिकडून इकडे आला नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊतही वर्षानुवर्षं सर्पदंशाचे पेशंट बघतात, तेही गावातच. ‘केंद्रात काय होणार’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

डॉ_अनिकेत | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

इंगळी, बावस्कर सरांबद्दल आदर आहेच. पण प्रत्येक केंद्रात बावस्कर नसतात. बंधपत्राचं वर्ष भरायला आलेला चोवीस वर्षांचा मुलगा असतो, आणि त्याला कॉलेजात सर्पदंशाचा पेशंट कदाचित एकदाच लांबून दिसलेला असतो.

परीक्षानळी | मंगळवार, रात्री ८:१५

मी औषधनिर्माणात काम केलंय. डोसमागचं गणित कुणी मांडलं नाही म्हणून लिहितो. आपली लस चार सापांवर आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. एक व्हायल नाग किंवा घोणशीचं ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते, मण्यार किंवा फुरशाचं साडेचार. घोणस सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं धरलं तर सुरुवातीच्या ८ ते १० व्हायल कुठून आल्या ते कळेल. मुलांनाही तेवढाच डोस का, तेही: साप मूल बघून कमी विष सोडत नाही.

तरी हा आकडा दगडावरची रेघ नाही. कमी डोसवरही बरेच पेशंट तेवढेच बरे होतात असं दाखवणारे अभ्यास आपल्याच देशातले आहेत, आणि टंचाई असते तिथे तो प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दुसरा वाद विषाच्या उगमाचा. लसीसाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. त्यांचं काम मोलाचं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, त्यामुळे तिकडच्या विषावर बनलेली लस आपल्याकडे तेवढीच चालेल याची खात्री नाही. प्रादेशिक लस हवी ही मागणी म्हणूनच जोर धरतेय. आणि सह्याद्रीतल्या हिरव्या चापडा या सापावर ही लस चालतच नाही. तिथे दिली तर फक्त रिअॅक्शनचा धोका विकत घेतला.

गावकुस | मंगळवार, रात्री ९:००

मामेभावाला काल रात्री बहुतेक साप चावलाय, डोळे जड वाटतायत म्हणतोय, पोटात दुखतंय. कुठली गोळी द्यावी का?

पाणंद | मंगळवार, रात्री ९:०३

गोळी नाही. धागा बंद करा, १०८ लावा. गाडीला वेळ लागत असेल तर मिळेल ती गाडी काढा. जिथे व्हेंटिलेटर आहे तिथे फोन करून सांगा की पापण्या पडताहेत. कुशीवर झोपवून न्या, तोंडात पाणीसुद्धा घालू नका. वाटेत श्वास मंद झाला तर तोंडाने श्वास द्या. आत्ता निघा.

संपादक_मंडळ | मंगळवार, रात्री ९:२०

सदस्यांना विनंती: तातडीच्या वेळी धाग्यावर विचारू नका, १०८ ला फोन करा. गावकुस यांना व्यक्तिगत निरोपही पाठवला आहे.

वकिलीण | बुधवार, सकाळी १०:३०

गावकुस यांची खबर कळली का?

कागदांबद्दल लिहायचं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश नोंदणीसक्तीचा आजार करायला सांगितलं. हे नुसतं सरकारी काम नाही. कुठल्या तालुक्यात किती पेशंट हेच माहीत नसेल तर लस कुठे किती पाठवायची? आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, पण कागद हवेत. शवविच्छेदन झालं नाही, रुग्णालयात नोंद नाही, थेट भगताकडून घरी आणलं, अशा घरांचे अर्ज अडकलेले मी पाहिलेत. केंद्राने पायरीवरून परत पाठवलं तरी नोंदवहीत नाव आणि वेळ लिहून घेण्याचा आग्रह धरा.

गावकुस | बुधवार, दुपारी १:१५

भाऊ व्हेंटिलेटरवर आहे. मण्यारच असावी म्हणतात, जमिनीवर झोपला होता, चावल्याचं कळलंच नव्हतं, मुंगी वाटली. सकाळी पोटदुखी म्हणून पित्ताची गोळी घेऊन दिवस काढला. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलात. निघताना गावातल्या केंद्रात थांबलो होतो, तिथल्या मॅडमनी लस चालू केली आणि स्वतः श्वास देणारा फुगा दाबत अँब्युलन्समध्ये बसून आल्या. पन्नास किलोमीटर. त्यांचे हात थरथरत होते उतरताना.

परिचारिका_नंदा | बुधवार, दुपारी १:४०

त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. अँब्यू बॅग अर्धा तास दाबली तरी पंजा वळेनासा होतो.

शिवार | बुधवार, दुपारी २:३०

जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. खाट असेल तर उत्तम. हे डासांसाठी सांगतात, मी मण्यारीसाठी सांगतो.

डॉ_अनिकेत | बुधवार, रात्री १०:५५

गावकुस, भावाला नक्की बरं वाटेल. मण्यारीचा पेशंट श्वास चालू ठेवला तर काही दिवसांनी उठून बसतो. नागाच्या पेशंटला लसीबरोबर निओस्टिग्मिन या औषधाने पापण्या लवकर उघडताना दिसतात, मण्यारीत तो उपयोग फारसा होत नाही, तिथे धीर धरावा लागतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. काल रात्री आमच्याकडेही एक घोणशीचा पेशंट आला. प्राथमिक केंद्रातून. पण चालू सलाईनमध्ये लस घेऊन, चिठ्ठीवर चावल्याची वेळ, नळीची वेळ, लस सुरू केल्याची वेळ, आणि डॉक्टरांचा आधी फोन. रस्त्यात गांधी उठल्या, अॅड्रिनॅलिन दिलं, पुन्हा चालू केली. लघवी स्वच्छ आहे. मी सोमवारी जे लिहिलं त्यातला मण्यारीचा आणि वायफळ वापराचा मुद्दा अजून धरून आहे. रिअॅक्शनच्या भीतीचा सोडतो. पण अट एकच, फोन. केंद्रातल्या त्या चोवीस वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता कुणीतरी ‘दे, मी लाइनवर आहे’ म्हणणारं हवं. आमच्या विभागाचा एक नंबर आसपासच्या केंद्रांना द्यायचं आज ठरवलं. पहिला महिना मीच उचलणार.

पाणंद | गुरुवार, सकाळी ७:१०

डॉक्टर, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, आमच्या तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांना देतो. ज्या केंद्रातून बाईंना तसंच पाठवलं होतं, तिथल्या डॉक्टरांशी काल बोललो. ओरडलो नाही. त्यांनी कधीच लस चालू केलेली नव्हती. शनिवारी ते आमच्याकडे येऊन बसणार आहेत.

बाईंचं तिसरं डायलिसिस झालं. काल थोडी लघवी झाली.

नंदाताई, तालुक्याच्या दुकानातून काचेच्या नळ्या घेतल्या. शंभर. वीस तुमच्यासाठी बाजूला काढल्यात, पत्ता कळवा.

परिचारिका_नंदा | गुरुवार, सकाळी ७:३५

कळवते. खोक्यावर ‘साबण लावू नये’ असं मोठ्या अक्षरात लिहून पाठवा.